नाव कुणी विचारलंच नाही

१

जुन्या खाणीत वाळू उपसणारं यंत्र पहिल्यांदा अडकलं, तेव्हा चालकाला वाटलं झाडाचं मूळ असेल. दुसऱ्यांदा अडकलं तेव्हा तो खाली उतरला, वाकून पाहिलं आणि टोपी काढून हातात धरली.

सहा माणसं होती. एकावर एक टाकलेली.

पुएर्तो लांदा हे पाराना नदीच्या काठचं गाव. खाण ओयानार्ते काच कारखान्याची. तिथली वाळू भट्टीत जायची, तिच्या बाटल्या व्हायच्या आणि त्या बाटल्यांवर निम्म्या गावाची चूल पेटायची. लष्कराने सत्ता घेतली त्या वर्षीच कारखान्याने ही खाण बंद केली होती. कारण कुणी विचारलं नव्हतं. त्या काळात कुणी कसलंच कारण विचारत नसे.

हाडांची ओळख पटायला वेळ लागला, पण गावाला वाट बघायची गरज नव्हती. तीस वर्षांपूर्वी एप्रिल महिन्यात सकाळची पाळी सुटताना कारखान्याच्या फाटकावर लष्कराचा ट्रक उभा राहिला होता. काळा चष्मा घातलेला एक कप्तान बाहेर पडणाऱ्या कामगारांकडे बघत होता. मधूनच बोट दाखवायचा. "तू. तू. तूही ये." सहा जणांना ट्रकमध्ये चढवलं. ते परत आले नाहीत.

त्यातले पाच कामगार संघटनेचे प्रतिनिधी होते. सहावा एमेतेरिओ गौना. तो बाटल्या खोक्यांत भरायचा आणि लग्नाकार्यात अकॉर्डियन वाजवायचा. संघटनेच्या बैठकीला तो आयुष्यात एकदाच गेला होता, तोही वाढदिवसाची मेजवानी समजून.

संघटनेचा खरा सहावा प्रतिनिधी अल्सीदेस ब्रेसान. तोही त्याच फाटकातून, त्याच वेळी बाहेर पडला. त्याला ट्रकमध्ये कुणी चढवलं नाही.

गावाने त्याच संध्याकाळी निकाल दिला. ब्रेसान भट्टीवर काच फुंकायचा. "काच फुंकता फुंकता गडी कान फुंकायला शिकला," असं कुणीतरी म्हणालं, आणि त्या दिवसापासून त्याचं नाव पडलं फुंक्या.

सरकारी वकिलांच्या कचेरीतून तपासासाठी नेलिदा कारान्ता आली, तेव्हा खानावळवाल्याने तिच्यापुढे जेवणाबरोबर हेच नाव वाढलं.

"एवढ्या लांबून कशाला आलात, बाई? नदीकाठी जा. फुंक्याला धरा. झाला तपास."

"पुरावा?"

"तो जिवंत आहे ना? अजून काय पुरावा पाहिजे?"

२

ब्रेसान गावाबाहेर, पत्र्याच्या खोपटात राहायचा. उंच, रुंद खांद्यांचा म्हातारा. साबालो मासे पकडायचा आणि पलीकडच्या काठावर नेऊन विकायचा, कारण अलीकडे त्याचे मासे कुणी घेत नसे.

नेलिदाला पाहून त्याने खुर्ची पुसली. माते, म्हणजे तिकडचा कडसर पाल्याचा चहा, केला, पहिला घोट आपण घेतला आणि पुन्हा भरून नळी तिच्याकडे वळवून पुढे केली.

"नको," ती म्हणाली.

त्याने हात मागे घेतला. राग नाही, नवल नाही. अशा नकाराची त्याला सवय होती.

"सेन्योर ब्रेसान, पाच प्रतिनिधी नेले. तुम्ही सहावे. तुम्हाला का नेलं नाही?"

"हे त्यांना विचारा."

"तुमच्याऐवजी गौना गेला. तो तर कशातच नव्हता."

म्हाताऱ्याने नदीकडे पाहिलं.

"साक्षीदार सांगतात, कप्तानाने गौनाकडे बोट केलं तेव्हा तुम्ही ओरडलात. 'तो नाही! तो त्यातला नाही!' खरं आहे?"

"खरं आहे."

"'त्यातले' कोण, हे तुम्हाला कसं ठाऊक?"

"वकीलबाई, तुम्ही हुशार दिसता. हाडं सापडली, त्यांना माती द्या. बाकीचं उकरू नका."

"कुणासाठी?"

एवढ्या वेळात पहिल्यांदाच त्याने तिच्याकडे सरळ पाहिलं, आणि उठून उभा राहिला. "माझी जाळी वाळत पडलीत," तो म्हणाला.

परत येताना नेलिदाच्या मनात शंका उरली नव्हती. अपराधी माणूस असाच गप्प बसतो, हे तिने अनेक खटल्यांत पाहिलं होतं.

३

एमेतेरिओची बायको ओतिलिया बाजारामागच्या गल्लीत शिवणकाम करून राहत होती. नवऱ्याला नेलं तेव्हा ती तिशीच्या आत होती. पुन्हा लग्न केलं नाही. जो परत येणार नाही असं कुणीच सांगत नाही, त्याची विधवा तरी कसं व्हायचं?

"त्याच्या बाजूने कुणी बोललं का तुमच्याजवळ?" तिने आधी तेच विचारलं.

"ब्रेसानच्या? नाही."

"बोलणार नाहीच. मी त्याच्या तोंडावर थुंकले होते, बाई. भर चौकात, चर्च सुटताना. त्याने रुमालसुद्धा काढला नाही. तसाच उभा राहिला. निर्दोष माणूस असा उभा राहतो का?"

"पण एमेतेरिओचं नाव तो का देईल? ते दोस्त होते ना?"

ओतिलियाने सुई कापडात खोचून ठेवली.

"लग्नाआधी अल्सीदेस माझ्यामागे होता. उंच, देखणा, भाषणं ठोकणारा. मी मात्र अकॉर्डियनवाल्याला हो म्हटलं. बुटका होता, पण हसवायचा. अल्सीदेस आमच्या लग्नात नाचला. घरी जेवायला यायचा. मी म्हणायची, किती मोठ्या मनाचा! सगळं पोटात ठेवलं होतं त्याने. संधी मिळाली तशी काढली."

म्हणजे हेतूही होता. नेलिदाने निघताना तिचा हात हातात घेतला. प्रकरण जवळजवळ मिटलंच होतं.

फक्त एक गोष्ट तिला बोचत होती. फाटकावरच्या त्या दुपारचे जितके साक्षीदार तिने ऐकले, त्या प्रत्येकाच्या बोलण्यात एक गोष्ट सारखी होती. कप्तानाने एकालाही नाव विचारलं नव्हतं. तो दुसऱ्या प्रांतातला, गावात पहिल्यांदाच आलेला. ब्रेसानने जरी नावं दिली असली, तरी चारशे माणसांच्या लोंढ्यातून कोणत्या नावाचा चेहरा कोणता, हे कप्तानाला कसं कळलं?

४

फाउस्तीनो ओयानार्ते नव्वदीला टेकले होते. कारखाना विकून झाला होता, पण टेकडीवरचा बंगला तसाच होता. त्यांची मुलगी लेओनोर हिने चहा आणला, सोबत मेंब्रीयो फळाच्या गोड वड्या, आणि वडिलांच्या गुडघ्यांवर शाल नीट करून ती खिडकीशी भरतकाम घेऊन बसली.

"विचारा," ओयानार्ते म्हणाले. "माझ्यापाशी लपवण्यासारखं काही नाही."

"हाडं तुमच्या खाणीत सापडली."

"लष्कराने त्या वर्षी अर्धा देश ताब्यात घेतला होता, बाई. माझी खाण घेताना मला विचारायला येणार होते का?"

"प्रतिनिधींची नावं कुणी दिली?"

म्हातारा खुर्चीत सरसावून बसला. जणू याच प्रश्नाची तो वाट पाहत होता.

"माझ्या मुलीच्या देखत, देवाला स्मरून सांगतो. माझ्या कारखान्यातून लष्कराला एकही नाव गेलं नाही. ना तोंडी, ना कागदावर. आणि त्या दिवशी मी इथे नव्हतोच. ब्युनॉस आयरेसला होतो. आलो तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. कामगारखातं लाम्बेर्तीनी बघायचा. तो वारला, नाहीतर त्यानेच सांगितलं असतं."

"मेलेले लोक फार उपयोगी पडतात."

"टोमणा कळला." ते हसले. "खबऱ्या पाहिजे ना? गाव सांगतंच आहे."

"ब्रेसान? तुमच्यासाठी तो धोकादायक होता?"

"धोकादायक? तो?" ओयानार्त्यांनी हात उडवला. "कामगारांचा राजपुत्र म्हणवायचा! आणि ध्यान बघाल तर शर्टाच्या बाह्या इतक्या आखूड की मनगटं बाहेर आलेली, कोपरावर पडद्याच्या कापडाचं फुलाफुलांचं ठिगळ! असल्या बुजगावण्याला मी घाबरणार?"

खिडकीशी बसलेल्या लेओनोरचा हात थांबला. नेलिदाने ते पाहिलं, पण तिला वाटलं दोरा तुटला असेल.

५

हाडांची तपासणी करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी तिला प्रयोगशाळेत बोलावलं. लांब टेबलावर सहा निळे शर्ट पसरले होते. कोरड्या वाळूत कापड बऱ्यापैकी टिकलं होतं.

"गोळ्यांची भोकं सोडा," त्या म्हणाल्या. "ती आम्ही मोजली. मला दुसरंच विचारायचंय. तुम्ही काच कारखाना आतून पाहिलाय?"

"नाही."

"माझे वडील भट्टीवर होते. दुसऱ्या गावात. त्यांच्या प्रत्येक शर्टाला ठिणग्यांची भोकं असायची. आई वैतागायची. आता हे बघा. यातली तीन माणसं भट्टीवरची. आणि एकाही शर्टाला ठिणगी लागलेली नाही. शिवण विटलेली नाही. कॉलर मळून झिजलेली नाही. सहाच्या सहा कोरे."

नेलिदा टेबलाच्या कडेने फिरली. शेवटच्या शर्टापाशी थांबली. तो बाकीच्यांपेक्षा खूप मोठा होता. बाह्या दुमडलेल्या, पुन्हा एकदा दुमडलेल्या.

"हा कुणाचा?"

"गौनाचा. सहांत सगळ्यात बुटका माणूस. आणि अंगात सगळ्यात मोठा शर्ट."

तिथून नेलिदा तडक वृद्धाश्रमात गेली. कारखान्याच्या कोठीवर तेव्हा ब्रिहिदा नावाची बाई कपडे वाटायची. आता तिला दिसत कमी होतं.

"नवे शर्ट? आठवतात की," ब्रिहिदा म्हणाली. "एरवी गठ्ठे यायचे, चारशेंना वाटायचे, पण त्या दिवशी सहाच आले. गडद निळे, डोळ्यांत भरणारे. बाकी सगळ्यांचे धुऊन धुऊन आभाळासारखे झालेले. लाम्बेर्तीनी सायबांनी एकेकाला वेगवेगळं पाठवलं. म्हणाले, जुना जमा करून घे आणि नवा इथंच अंगात घालायला लाव."

"कोणाकोणाला?"

"संघटनेच्या पोरांना. मला वाटलं, मालक त्यांना खूश करतायत." तिचा आवाज बारीक झाला. "दुपारी फाटकावर मी मागेच होते. गडद शर्ट तेवढे वेचून काढले, बाई. मटाराच्या शेंगेतून दाणे काढावेत तसे. माझ्या हाताने घातलेले शर्ट."

"हे कुणाला सांगितलं नाहीत?"

"आधी भीतीनं नाही सांगितलं. भीती गेली तेव्हा लाजेनं. इतकी वर्षं का गप्प बसलीस असं विचारलं असतं ना कुणी."

ओयानार्ते शपथेवर खोटं बोलले नव्हते. एकही नाव गेलं नव्हतं. नावाची गरजच ठेवली नव्हती.

आणि सर्वांत मोठ्या मापाचा नवा शर्ट सर्वांत उंच प्रतिनिधीसाठी होता. अल्सीदेस ब्रेसानसाठी.

६

रस्ताभर नेलिदाला स्वतःचा राग येत होता. पुढे केलेला तो माते डोळ्यांसमोरून हलत नव्हता. ज्याला मारायचं होतं त्यालाच तिने मारेकरी ठरवलं होतं.

तरी एक कोडं बाकी होतं. आपण बळी होतो हे एका वाक्यात सिद्ध करता येत असताना तो माणूस तीस वर्षं थुंकी का झेलत राहिला?

ती ओतिलियाकडे गेली. उत्साहात गेली, हे तिला नंतर फार लागलं.

"त्या सकाळी एमेतेरिओ घरातून निघाला तेव्हा त्याच्या अंगात काय होतं?"

"काय असणार? तोच फाटका शर्ट." ओतिलियाच्या तोंडावर हसू आलं. "कोपर इतकं विरलं होतं की टाका धरेना. घरात निळं कापड नव्हतं. मी न्हाणीघराचा पडदा कापून ठिगळ लावलं. मोठाली फुलं. लोक त्याला चिडवायचे, 'काय एमेतेरिओ, कोपराला बहर आला का?' तो हसायचा. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. त्याच्या बायकोला साधं ठिगळ लावता येत नाही, असं लोक म्हणत असतील."

फुलाफुलांचं ठिगळ. आखूड बाह्या. हे वर्णन नेलिदाने टेकडीवरच्या बंगल्यात ऐकलं होतं.

गौनाचा तो शर्ट ब्रेसानच्या अंगात केव्हा होता? फक्त त्याच पाळीत. अदलाबदल झाल्यापासून फाटकाबाहेर पडेपर्यंत. त्यानंतर ब्रेसान नदीतल्या बेटांवर पळाला, पुढे गावात परतला तरी कारखान्यात त्याने पुन्हा पाऊल टाकलं नाही. मग ब्युनॉस आयरेसला असलेल्या मालकाने ते ध्यान पाहिलं कुठून?

ती उठणारच होती. पण ओतिलिया आपल्याच नादात बोलत होती.

"आदल्या दिवशी अल्सीदेस जेवायला आला होता. मी त्याला म्हटलं, 'तू एवढा पुढारी, माझ्या नवऱ्याला एक धड शर्ट मिळवून देता येत नाही तुला?' तो म्हणाला, 'ओतिलिया, उद्या नवा शर्ट अंगात असल्याशिवाय तुझा नवरा घरी येणार नाही.' तसा तो..."

वाक्य तिथेच थांबलं.

नेलिदाने मान खाली घातली. ब्रेसान कुणासाठी गप्प होता, ते आता तिला कळलं. आणि हेही कळलं की ते उकरून काढायला ती स्वतःच, आपल्या पायांनी चालत, या घरात आली होती.

"तुम्ही शर्टाचं का विचारलंत?" ओतिलिया म्हणाली.

"तपासात असं सगळंच विचारावं लागतं."

"बाई." ओतिलियाचा आवाज एकदम सपाट झाला. "मी आयुष्यभर कपडे शिवलेत. कोण कशासाठी माप घेतंय, ते मला कळतं. शर्टाचं का विचारलंत?"

नेलिदाने सांगितलं.

ओतिलियाने ऐकून घेतलं. रडली नाही. फक्त म्हणाली, "तुम्ही आता जा."

७

बंगल्यावर या वेळी चहा आला नाही. लेओनोर वडिलांच्या खुर्चीमागे उभी होती.

"साहेब, ते फुलाफुलांचं ठिगळ तुम्ही कुठे पाहिलंत?"

"कसलं ठिगळ?"

"ब्रेसानच्या कोपरावरचं. त्याच्या स्वतःच्या शर्टाला ठिगळ नव्हतं. तो शर्ट गौनाचा. ब्रेसानच्या अंगात तो एकाच दुपारी होता. नवा शर्ट त्याने मित्राला दिला होता, तुम्ही दिलेला."

ओयानार्ते शालीची कड चाचपू लागले.

"नावं पुकारली असती तर भलतेच लोक 'मीच तो' म्हणून पुढे आले असते. शेजारच्या गावात तसं झालं होतं, लष्कर तोंडघशी पडलं होतं. शिवाय नावं गेली की ती कुणी दिली हा प्रश्न आलाच. म्हणून सहा गडद शर्ट. कप्तानाला वाचायचं काही नाही, विचारायचं काही नाही. फक्त रंग बघायचा. आणि सगळं ठरल्यासारखं होतंय ना, हे बघायला तुम्ही कचेरीच्या खिडकीत उभे होतात."

"मी ब्युनॉस आयरेसला होतो."

"पप्पा, तुम्ही त्या दिवशी घरी जेवलात."

लेओनोर बोलली होती. आवाज इतका हळू, की नेलिदाला क्षणभर भास वाटला.

"मी शाळेतून आले तर तुम्ही जेवत होतात. भरलेलं काल्झोने होतं. तुम्ही आईला म्हणालात, 'एक चूक झाली, पण तीही पथ्यावर पडेल.' मी विचारलं, कसली चूक? तुम्ही म्हणालात, मोठ्यांच्या गोष्टीत बोलू नये." तिने तोंडावर हात धरला. "मी आजवर बोलले नाही."

म्हाताऱ्याने मुलीकडे वळून पाहिलं नाही. बोलला तो नेलिदाशी, आणि एखाद्या व्यवहाराबद्दल बोलावं तसा.

"तुम्हाला तो काळ माहीत नाही. महिन्यातून दोनदा भट्टी बंद पडायची. बंद भट्टी म्हणजे थंड काच. फोडून काढावी लागते. कप्तान म्हणाला, आम्ही फक्त चौकशी करू."

"ब्रेसान ओरडला तेव्हा तुम्ही खिडकीत होतात. 'तो नाही' हे तुम्ही ऐकलंत. चूक तुम्हाला दिसत होती. खिडकी उघडून एक शब्द बोलला असतात तर गौना घरी गेला असता."

"बोललो असतो, तर मी तिथे आहे हे सगळ्यांना कळलं असतं."

लेओनोरने खुर्चीवरचा हात काढून घेतला.

"आणि ब्रेसान? त्याला नंतर का सोडलंत?"

"संध्याकाळपर्यंत गावच त्याला खबऱ्या म्हणायला लागलं. लाम्बेर्तीनीने दोन घरी कुजबूज केली, बाकीचं गावाने आपणहून केलं. मी कप्तानाला सांगितलं, राहू दे त्याला. खाणीत तो एक प्रेत झाला असता. गावात फिरतोय तोवर कुणी कुणावर विश्वास ठेवणार नव्हतं. पुढे पंधरा वर्षं माझ्या कारखान्यात संघटना झाली नाही." ओयानार्त्यांनी शाल ओढून घेतली. "ती आमची करामत नव्हे, बाई. ती या गावाची."

नेलिदानेही तेच केलं होतं.

८

ब्रेसानने या वेळी खुर्ची पुसली, पण माते पुढे केला नाही. मागायचा नेलिदाला धीर झाला नाही.

"तुम्हाला केव्हा कळलं?" तिने विचारलं.

"कप्तानाचं बोट एमेतेरिओकडे वळलं, तेव्हाच. ट्रकमध्ये सगळे गडद. मी पुढे घुसलो, ओरडलो. एका शिपायाने बंदुकीचा दस्ता मारला. शुद्धीवर आलो तेव्हा ट्रक गेला होता."

"मी ते कोर्टात मांडणार आहे."

"शर्टाचं काढू नका." तो पटकन म्हणाला. "खिडकीचं सांगा, मुलीची साक्ष घ्या. शर्ट नको. ओतिलियाला कळेल."

"शर्टाशिवाय खटला उभा राहत नाही. आणि..." नेलिदाला वर बघवेना. "तिला कळलंय. माझ्यामुळे."

म्हातारा हळूहळू खाली बसला. त्याच्या तोंडून एक आवाज निघाला, ओझं उतरवणाऱ्या हमालाच्या तोंडून निघतो तसा. पण चेहऱ्यावर सुटका नव्हती.

"मला माफ करा," ती म्हणाली.

"तुम्ही कुणाकुणाची माफी मागत फिरणार?" ब्रेसान म्हणाला. "जा. खटला नीट चालवा."

९

खटला प्रांताच्या राजधानीत चालला. निकालाच्या आधी शेवटची साक्ष ओतिलियाची होती. तिला बोलावलं नव्हतं. तिने स्वतः अर्ज केला होता. गावातून कोर्टापर्यंत खास बस निघाली होती, आणि बाकं भरून गेली होती.

ती काळ्या पोशाखात उभी राहिली. ठिगळाचं सांगितलं. आदल्या दिवशीच्या जेवणाचं सांगितलं. मग न्यायाधीशांकडे पाठ होईल याची पर्वा न करता ती लोकांकडे वळली.

"शर्ट मी मागितला होता. ज्याने दिला त्याच्यावर मी थुंकले. तुम्ही सगळे तिथे होतात. कुणी हसलं, कुणी म्हणालं शाब्बास. शर्ट मी मागितला, हे मी लपवू शकले असते. वकीलबाईंनी मला तसं सुचवलंही. पण माझ्या नवऱ्याला का मारलं, हे मला नीट सांगायचं होतं. तो गुन्हेगार म्हणून मेला नाही. कुणाच्या वैरामुळे मेला नाही. कुणीतरी त्याच्यावर माया केली म्हणून मेला. आणि खिडकीत उभा असलेला माणूस गप्प राहिला म्हणून."

ओयानार्ते चाकाच्या खुर्चीत डोळे मिटून बसले होते. लेओनोर त्यांच्याजवळ नव्हती. ती साक्षीदारांच्या बाकावर, ब्रिहिदाचा हात धरून बसली होती.

जन्मठेप झाली. वयामुळे ती बंगल्यातच भोगायची होती. कोर्टाबाहेर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

ब्रेसान पायऱ्यांच्या खाली एकटा उभा होता. लोक त्याच्या शेजारून उतरत होते, आणि दर वेळी कुणाला तरी चपलेचा पट्टा नीट करायचा असायचा, कुणाला घड्याळ बघायचं असायचं. खानावळवाला त्याच्यासमोर थांबला, तोंड उघडलं, मिटलं, आणि निघून गेला.

ओतिलिया मात्र सरळ त्याच्यापाशी आली.

"का नाही सांगितलंस?"

"रागावर माणूस जगतो, ओतिलिया. दुसऱ्या गोष्टीवर नाही जगत. तू थुंकलीस तेव्हा मला वाटलं, ही जगेल."

"ते ठरवणारा तू कोण?"

तो गोंधळला.

"तीस वर्षं, अल्सीदेस! तीस वर्षं मी चुकीच्या माणसाचा द्वेष केला. माझं दुःखसुद्धा तू मला खरं मिळू दिलं नाहीस. मालकाने ठरवलं मला काय कळावं, गावाने ठरवलं, आणि तूही ठरवलंस. मला कुणी विचारलं?"

"नाही," तो म्हणाला. त्याची मान पहिल्यांदाच खाली गेली. इतक्या वर्षांच्या शिव्यांनी जे झालं नव्हतं ते या एका प्रश्नाने झालं.

ओतिलियाने पर्स खांद्यावर सरकवली.

"चल. बस सुटेल."

"मी नदीने जाईन. पुढे माझी होडी..."

"बसने चल म्हणते ना."

बस गच्च भरलेली होती. ओतिलिया पुढच्या दाराने चढली, तिच्यामागे तो. त्याच्या उंचीमुळे त्याला वाकावं लागलं. आतली बडबड बंद पडली. पहिल्या बाकावरची दोन माणसं काही न बोलता उठली आणि मागे जाऊन उभी राहिली. ओतिलिया खिडकीशी बसली. तिने शेजारच्या जागेवर हात ठेवला, तो बसेपर्यंत काढला नाही.

नेलिदा खाली फुटपाथवरून पाहत होती. बस निघाली तेव्हा एकेक खिडकी तिच्यासमोरून गेली. ओळखीचे सगळे चेहरे होते. आत त्या दोघांकडे कुणी बघत नव्हतं, आणि एकमेकांकडेही नाही. सगळं गाव काचेला कपाळ टेकून रस्त्याकडे बघत होतं.